शून्य, माझ्या नावावर

फोन कार्डिफमध्ये वाजला, माझ्या कानात.
बाई मोरकॅमच्या. मिसेस हेस्केथ. वय त्र्याहत्तर.
मागे किटली शिट्टी घालत होती,
ती त्यांनी बराच वेळ बंद केली नाही.

"गाड्या दोन आहेत," म्हणाल्या. "नवरा एकच होता."
मार्चमध्ये गेला.
हिरवी, लांबडी, ती त्याची. पिवळी, चिमणीएवढी, ती मी चालवते.
कागद दोन्हींचे त्याच्या नावावर.

मी पडद्यावर पाहिलं.
हेस्केथ, क्लिफर्ड. दाव्याविना वर्षं: नऊ किंवा अधिक.
"एकेचाळीस," त्यांनी दुरुस्त केलं.
बाई, आमच्या रकान्यात नवाच्या पुढे जागा नाही.
उरलेली बत्तीस वर्षं, धुक्यातली, काळ्या बर्फावरची,
मेहुण्याला पोचवून मध्यरात्री परततानाची,
त्या 'किंवा अधिक'मध्ये
गुडघे पोटाशी घेऊन बसलेली असतात.

मग नियम सांगितला. दिवसातून तीसदा सांगतो तसाच.
सवलत गाडीची नसते, माणसाची असते,
पण एका वेळी एकाच गाडीला लागते.
पाच हिला, चार तिला, अशी मोडून वाढता येत नाही.
दुसरी गाडी दारात आली की तिचं शून्यापासून.
काही कंपन्या आरसा धरतात,
एकीची वर्षं दुसरीतही दिसतात;
आमच्याकडे आरसा नाही.
आणि दोन वर्षं कुठे लावलीच नाहीत, तर विरून जातात.

"पिवळीवरही सहा साठलीत ना?"
साठलीत. हात तुमचे, खातं त्यांचं.
"मी सत्तावीस वर्षं त्या कागदांवर आहे."
आहात. चालक म्हणून. नावापुरत्या.
(हा शब्द मी उच्चारायला नको होता.
संभाषण ध्वनिमुद्रित होतं; तो तिथे अजून आहे.)

त्या रागावल्या नाहीत. एक गोष्ट सांगू लागल्या.
अठ्ठ्याण्णव साली, बाजाराच्या वाहनतळात,
मागे घेताना खांबाला दिली.
क्लिफर्डने दाराचं अस्तर काढलं,
लाटण्याला टॉवेल गुंडाळून आतून ठोकत बसला,
रविवारभर.
पत्रा जवळजवळ सरळ झाला.
दावा केला असता तर पायऱ्या उतराव्या लागल्या असत्या.
म्हणून कुणाला बोललो नाही.
बहिणीलाही नाही.
"दावा नाही केला आम्ही," म्हणाल्या,
"पण दावं होतंच ते. दोघांच्याही गळ्यात."

मी म्हटलं, आम्ही मागची पाच वर्षंच विचारतो.
"एवढंच?"
एवढंच.
त्यांच्या आवाजातून काहीतरी निघून गेलं,
मला वाटलं होतं हायसं वाटेल.

नियमाची शेवटची ओळ राहिली होती:
मागे राहिलेल्या जोडीदाराला एक खातं उचलता येतं. एकच.
नऊवालं घ्या, मी म्हणालो, आणि पिवळीला लावा.
रोज तीच फिरते, हप्ता निम्म्यावर येईल.
हिरवी विका.
हे सांगायची मला परवानगी नाही. सांगितलं.

किटली एकदाची गप्प झाली.
"नऊ हिरवीला लावा."
पण ती चालवणार कोण?
"कुणी नाही. समुद्राकडे तोंड करून उभी राहील.
उभ्या गाडीचीही वर्षं वाढतात ना?"
वाढतात. उभी गाडी कुणाला धडकत नाही.
"मग वाढू द्या त्याची."

आणि पिवळी?
पिवळीला शून्य लागेल, मिसेस हेस्केथ, या वयात
हप्ता—
"मॉर्वेना," त्या म्हणाल्या. "मॉर्वेना लिहा.
आणि शून्य लिहा. माझ्या नावावर.
आजवर शून्यसुद्धा माझं नव्हतं."

मी लिहिलं.
आकडा सांगितला. त्यांनी पेन शोधलं, मिळेना,
लिपस्टिकने लिहिते म्हणाल्या, कॅलेंडरवर.

एकोणीस मिनिटं. पर्यवेक्षकाने लाल खूण केली:
संभाषण लांबलं, विक्री कमी.
तळाशी एक प्रश्न उरला होता, तो मी रिकामाच पाठवला:
ग्राहकाची अडचण सुटली का?